पायपेटी आणि पूर्ण नाव

माझ्या नावात ज्ञ आहे. मराठी माणूस तो एका दमात म्हणतो, हिंदी माणूस त्याचा ग्य करतो. दक्षिण गोलार्धातल्या पामर्स्टन नॉर्थ गावच्या हॉस्पिटलात, फार्मसीतल्या माझ्या पहिल्या दिवशी, आमच्या मुख्य फार्मासिस्टबाईंनी कागदावरचं माझं नाव पाहिलं, दोनदा तोंड उघडलं, मिटलं आणि हसून म्हणाल्या, "तुला आपण एखादं सोपं नाव देऊ या का?" हेतू वाईट नव्हता. त्यांनी दिलेलं नाव दोन अक्षरांचं होतं, तिथल्या बायकांचं असतं तसं. नोकरी नवी होती, परीक्षा देऊन नुकतंच रजिस्ट्रेशन मिळालं होतं, दोन हजार साल उलटून फार काळ झाला नव्हता. मी हो म्हटलं. पुढे कित्येक वर्षं मी त्याच नावानं फोन उचलला, त्याच नावानं वॉर्डातून हाक आली की वळून पाहिलं.

एक आधीच सांगते. या लिखाणात मी कुणाचंच नाव घेणार नाही. ज्या संगीतकाराबद्दल लिहिते आहे त्याचंही नाही, कारण त्याच्या आडनावात एक आवाज आहे जो देवनागरीत लिहिता येत नाही. र आणि झ एकाच वेळी, जिभेच्या टोकावर. चुकीचं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं.

आमचं मराठी मंडळ लहान होतं. हॉस्पिटलातले काही डॉक्टर, दोन-तीन नर्सेस, युनिव्हर्सिटीतली मुलं, आणि माझ्या नवऱ्यासारखे दुधावर संशोधन करणारे. गणपतीला एक हॉल भाड्यानं घ्यायचो. मी सांगलीहून येताना पेटी आणली होती. कपडे कमी आणले, पण पेटी आणली. आरत्या झाल्या की कुणीतरी म्हणायचं, "एखादं नाट्यपद होऊन जाऊ दे," आणि मी वाजवायची.

त्या वर्षी एका मराठी सर्जननं आपल्या जुन्या सहकाऱ्याला प्रसादाला बोलावलं होतं. निवृत्त भूलतज्ज्ञ, उंच, किंचित वाकलेले, मोदक काट्यानं खाणारे. कार्यक्रम संपल्यावर ते माझ्यासमोर चक्क जमिनीवर बसले आणि पेटीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही हार्मोनियम."

"हो."

"मी व्हायोलिन वाजवतो. आमचा एक छोटा गट आहे. दोन व्हायोलिन, एक चेलो. एक रचना आम्हाला कित्येक वर्षांपासून वाजवायची आहे, पण तिला चौथं वाद्य हार्मोनियम लागतं. या गावात हार्मोनियम वाजवणारं कुणी असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं."

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. व्हायोलिन-चेलोच्या जगात आमच्या पेटीचं काय काम? पेटी साहेबाच्या देशातून आली हे मला माहीत होतं, पण तिच्यासाठी तिकडच्या मोठ्या माणसानं काही लिहिलं असेल हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर फार्मसीच्या खिडकीशी आले आणि मला एक सीडी देऊन गेले.

ती मी घरी स्वयंपाक करताना लावली. आधी व्हायोलिनची एक साधी, गावाकडची वाटावी अशी ओळ, आणि तिच्याखाली पेटीचा धरलेला सूर. मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. अगदी आपली पेटी नव्हती ती, जास्त गोल आवाज होता, पण श्वास तोच होता. भात्यातून आलेल्या हवेचा.

"हे ऐक," मी नवऱ्याला म्हटलं.

त्यानं ऐकलं. "अगं, हा तर ऑर्गन. नाटकातला."

बरोबर होतं त्याचं. माझे बाबा दिवसा शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी सांगलीतल्या हौशी नाटकमंडळींना ऑर्गनची साथ करायचे. पायानं भाता मारायचा, दोन्ही हात मोकळे. सगळे त्याला पायपेटीच म्हणायचे. बाबांनी मला शिकवलं ते त्याच्यावर. पाय पोचेपर्यंत मी उभ्यानं वाजवायची. पुढे मोठी झाल्यावर एका तालमीला बाबांना ताप होता म्हणून मी साथीला बसले, तर मंडळींपैकी एकजण म्हणाले होते की नाटकाला बाई साथ करत नाही. बाबा अंथरुणातून उठून आले, कांबळं पांघरून खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आज तीच वाजवणार. मी फक्त ऐकायला आलोय." हे मी फार वर्षं विसरले होते.

आता त्या संगीतकाराबद्दल मला कुतूहल वाटू लागलं. गावच्या लायब्ररीत त्याचं एक जाडजूड चरित्र मिळालं. मी ते जेवणाच्या सुट्टीत वाचायची. तो बोहेमियातल्या, म्हणजे आताच्या चेक प्रदेशातल्या, एका खेड्यात जन्मला, खाटकाच्या घरात. घरात खाणावळही होती. तरुणपणी कित्येक वर्षं तो प्राग शहरातल्या नाटकाच्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवत होता, म्हणजे खाली अंधारात बसून वर गाणाऱ्यांना साथ. हे वाचल्यावर तो मला एकदम घरचा वाटू लागला. लग्न झालं, मुलं झाली आणि पहिली तिन्ही मुलं एकामागून एक गेली. त्यानंतर थोड्याच काळात त्यानं ही पाच छोट्या तुकड्यांची रचना लिहिली, जिच्यात दुःखाचा आव कुठेच नाही. लिहिली ती एका मित्राच्या घरच्या बैठकीसाठी. त्या घरात पियानो नव्हता, हार्मोनियम होती. म्हणून हार्मोनियम.

मला हे फार आवडलं. जे आहे त्याच्यासाठी लिहायचं. पियानो नाही म्हणून रडत बसायचं नाही.

पण अडचण होती. माझ्या पेटीचा भाता हातानं मारायचा, आणि त्या रचनेत दोन्ही हात लागतात. पहिल्या तालमीला मी तसं सांगितलं तेव्हा चेलो वाजवणारी बाई म्हणाली, "पायानं चालणारी? माझ्या वूलशेडमध्ये, मेंढ्या कातरतो तिथे, एक पडून आहे." ती साठीच्या पुढची, जवळच्या फील्डिंग गावाबाहेर मेंढ्यांचं फार्म सांभाळणारी, हात सॅंडपेपरसारखे खरखरीत. नवरा वारल्यावर फार्म विक असं मुलं म्हणत होती. तिनं विकलं नव्हतं. बोलणं जेवढ्यास तेवढं.

शनिवारी मी, नवरा आणि डॉक्टर असे आम्ही गेलो. लोकरीचा वास, वरच्या टेकडीवर पवनचक्क्या फिरताहेत, आणि शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली तो ऑर्गन. चेलोवाल्या बाईच्या आजेसासूचा. बोटीतून आलेला. उंदरांनी भात्याचं कापड कुरतडलं होतं, निम्म्या पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या. मी स्टुलावर बसले आणि दोन्ही पाय पायट्यांवर ठेवले. नुसता फुसफुस आवाज. तरी माझे पाय आपोआप आळीपाळीनं चालू लागले, टाच न उचलता, बाबांनी शिकवलं होतं तसे. नवरा माझ्याकडे पाहतच राहिला.

"वाजत नाहीये ते," डॉक्टर म्हणाले.

"वाजेल," चेलोवाली बाई म्हणाली.

हिवाळा येईपर्यंत आम्ही तो दुरुस्त केला. माझा नवरा हातानं काम करणारा माणूस, प्रयोगशाळेतही मोडलेलं यंत्र त्याच्याकडे यायचं. त्यानं आणि त्या बाईनं मिळून भात्याला नवं कापड चिकटवलं, मी पितळी सूर, म्हणजे रीड्स, एकेक काढून ब्रशनं साफ केले. आमची मुलगी तेव्हा शाळेत होती. ती बरोबर यायची, मेंढ्यांशी खेळायची आणि माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर द्यायची. दोन सूर शेवटपर्यंत किंचित उतरलेलेच राहिले. बाकी पेटी उभी राहिली.

पाश्चात्त्य नोटेशन शिकायचं मात्र माझं वय निघून गेलं होतं. डॉक्टरांच्या बायकोच्या जुन्या पियानोवर बसून मी काळे ठिपके ओळखायला शिकले आणि मग सगळं सरगममध्ये उतरवून घेतलं. डावा हात एका ओळीत, उजवा दुसऱ्या. डॉक्टरांना ते आधी खटकलं. "छापलंय तेच वाजवायचं," ते म्हणायचे.

"तेच वाजवते आहे. फक्त माझ्या लिपीत आहे."

एकदा त्यांनी मध्येच थांबवलं. "इथे तू आवाज फुगवतेस. तसं लिहिलेलं नाही."

"तिथे चेलो वर चढतो," मी म्हटलं. "साथीनं त्याला खालून उचलायला नको?"

चेलोवाल्या बाईनं गज खाली ठेवला. "मला उचललेलं आवडतंय," ती म्हणाली.  पुन्हा ती जागा आली तेव्हा डॉक्टरांनी स्वतःही आवाज थोडा वाढवला. दुसरं व्हायोलिन वाजवणारा व्हेटरिनरीचा विद्यार्थी हसला आणि इथल्या बोलीत म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे झकास.

त्याच दिवसांत मी चरित्रात संगीतकाराच्या नावाची भानगड वाचली. त्याच्या रचना जिकडे-तिकडे वाजू लागल्या होत्या. त्याचा प्रकाशक बर्लिनमधला. प्रकाशकाचं म्हणणं, मुखपृष्ठावर पहिलं नाव जर्मन पद्धतीनं छापू. खप जर्मन लोकांत, नाव त्यांना उच्चारता यायला हवं. यानं सांगितलं, मी जर्मन नाही, माझं नाव माझ्या भाषेतलं छापा. प्रकाशक ऐकेना. एवढ्याशा गोष्टीसाठी कसला वाद घालायचा, असं त्याचं धोरण. पण याच्या दृष्टीनं ती गोष्ट एवढीशी नव्हती. पत्रांमागून पत्रं झाली. शेवटी तडजोड निघाली: नावाची पहिली तीनच अक्षरं छापायची आणि पुढे टिंब, म्हणजे ज्याला जसं वाचायचं तसं वाचेल. त्याला भाकरी त्याच प्रकाशकाकडून मिळत होती. व्हिएन्नाला येऊन राहा, जर्मनमधून ऑपेरा लिही, म्हणजे मोठा होशील, असं सांगणारेही होते. तो गेला नाही.

मी पुस्तक मिटलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. ज्याचं संगीत अर्ध्या युरोपात वाजत होतं तो माणूस आपल्या नावासाठी भांडला, आणि मी औषधांच्या बाटल्यांवर लेबलं लावताना कुणीतरी दिलेल्या नावाला ओ देत होते. लाज नाही वाटली, राग आला. आणि राग आला की माझं डोकं फार स्वच्छ चालतं.

खरं तर मराठी मंडळाबाहेर वर्षानुवर्षं एकच माणूस मला माझ्या नावानं हाक मारत होतं. मेडिकल वॉर्डमधली एक माओरी नर्स, म्हणजे या देशातल्या मूळ लोकांपैकी. पहिल्या भेटीत तिनं विचारलं होतं, "हे तुझं खरं नाव नाही ना? खरं सांग." मी सांगितलं. तिला आलं नाही. "पुन्हा," ती म्हणाली. औषधांची ट्रॉली मध्ये ठेवून आम्ही दोघी उभ्या, ती ज्ञ घोटतेय. शेवटी जमला तेव्हा म्हणाली, "माझ्या नावाचं शाळेत सगळ्यांनी वाटोळं केलं. मी दुसऱ्या कुणाचं करणार नाही." आमच्या हॉस्पिटलात नवीन लोकांच्या स्वागताला तिच्या घरची मोठी माणसं यायची आणि स्वतःची ओळख डोंगरापासून सुरू करायची: माझा डोंगर हा, माझी नदी ही, माझे लोक हे, आणि मग मी. मी दर वेळी पाहायची आणि मनात म्हणायची, आपल्याकडेही असंच आहे की. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव कोणतं.

तो भाग वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फार्मसीत सगळ्यांना सांगितलं की आजपासून मला माझ्याच नावानं हाक मारा. मुख्य बाई म्हणाल्या, "पण आम्हाला आता सवय झाली आहे."

"मलाही झाली होती," मी म्हटलं. "मोडते आहे."

काहींनी प्रयत्न केला, काही दोन आठवडे मला हाकच मारत नव्हते, नुसतं "एक्स्क्यूज मी" म्हणायचे. चालेल. जेवताना मुलगी म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ नेम." शाळेत तिनंही आपलं नाव अर्धं करून घेतलं होतं. मी तिला काही म्हटलं नाही. ते तिचं नाव, तिचं भांडण तीच ठरवेल.

आमचा कार्यक्रम ठरला होता गावातल्या एका संगीत सोसायटीत. हिवाळ्यात रविवारी दुपारी, चर्चच्या हॉलमध्ये, मग चहा आणि केक. सोसायटीचे सेक्रेटरी एक निवृत्त गृहस्थ, नेहमी टाय लावणारे, कामाला चोख. त्यांनी कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा ईमेलनं पाठवला. मी उघडला. बाकी तिघांची पूर्ण नावं. माझं ते फार्मसीतलं दोन अक्षरी नाव, आडनावाशिवाय, आणि कंसात "पाहुण्या वादक". वर संगीतकाराचं नाव. पहिलं नाव जर्मन पद्धतीनं.

मी तीनदा वाचलं. मग फोन उचलला.

"कार्यक्रमपत्रिकेत दोन नावं चुकली आहेत," मी म्हटलं. "माझं आणि त्यांचं."

"कुणाचं?"

"संगीतकाराचं. ते चेक होते. पहिलं नाव जर्मन छापलेलं त्यांना चालत नसे."

ते हसले. "ते जाऊन शंभर वर्षं झाली. त्यांची हरकत असेल असं वाटत नाही."

"माझी आहे. आणि मी जिवंत आहे."

 मग त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की त्यांच्या सदस्यांमध्ये वयस्कर लोक जास्त आहेत, लांब नाव वाचताना ते अडखळतील, त्यांना अवघडल्यासारखं होईल. शिवाय तुम्हाला सगळे याच नावानं ओळखतात असं मला सांगण्यात आलं.

"आता नाही ओळखत."

"हे बघा, पत्रिका छापायला गेली आहे."

"मग परत मागवा. नाहीतर मी वाजवणार नाही."

त्यांचा आवाज बदलला. त्यांच्या माहितीत एक चांगले ऑर्गनवादक होते आणि इलेक्ट्रिक कीबोर्डमध्ये हार्मोनियमचा आवाज असतोच, असं ते म्हणाले. प्रश्न सुटू शकतो. मी म्हटलं, सोडवा, आणि फोन ठेवला.  पश्चात्ताप अजिबात नव्हता.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. ते सभ्य माणूस, भांडणापासून चार हात दूर राहणारे. "तुझं म्हणणं बरोबर आहे," ते म्हणाले, "पण एवढ्यासाठी कार्यक्रम जावा का? किती मेहनत घेतलीस. एका दुपारची तर गोष्ट."

"डॉक्टर, तुमचं नाव पूर्ण छापलंय ना? मग तुम्हाला ती एका दुपारची गोष्ट वाटणारच."

 मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतले नाहीत.

वूलशेडमधून चेलोवाल्या बाईनं काय केलं ते मला नंतर कळलं. तिनं सेक्रेटरींना फोन केला. "तो कीबोर्ड तुम्हीच वाजवा," ती म्हणाली, "आणि चेलोचाही आवाज त्यात शोधून ठेवा. मी त्या दिवशी मेंढ्या कातरणार आहे." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला परत फोन केला आणि म्हणाले, "मी त्यांना सांगितलंय, चौघं वाजवू किंवा कुणीच नाही." मग जरा थांबून, "तुझं नाव मला नीट म्हणायला शिकव." फोनवर आम्ही दोघं ज्ञ करत बसलो. भूल देणारा माणूस, त्याच्या जिभेलाच भूल दिल्यासारखी झाली होती. पण चिकाटीचा होता.

सोसायटीनं आम्हाला काढलं नाही. तितक्या ऐन वेळी दुसरं काही उभं करणं त्यांना जमलं नसावं. पत्रिका मात्र छापून आल्या त्या तशाच. सेक्रेटरी दाराशी उभे राहून वाटत होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, म्हणजे नाइलाज आहे अशी.

आदल्या दिवशी ट्रेलरवर घालून, सोफ्याच्या उशांमध्ये बांधून, पेटी आणली होती. हॉल भरला होता, बाहेर नेहमीचा वारा. मी हिरवी इरकल नेसले होते. पायाला अडचण होऊ नये म्हणून चार बोटं वर. पुढच्या रांगेत नवरा आणि मुलगी, त्यांच्या शेजारी नवऱ्याच्या प्रयोगशाळेतली एक चेक बाई, जिनं आठवडाभर डब्याच्या वेळी फोनवरून मला तो र आणि झ शिकवला होता. मागे कुठेतरी माओरी नर्स.

आम्ही चौघं आत गेलो, टाळ्या झाल्या. तिघं बसले. मी बसले नाही.

बाकीचे पाठीशी उभे राहिल्यावर मी सेक्रेटरींना म्हटलं होतं, पत्रिका बदलली नसेल तरी वाजवेन, पण नावं मी स्वतः सांगेन. ते म्हणाले होते, आमच्याकडे वादक बोलत नाहीत. मी पेटीवर हात ठेवून उभी राहिले. डॉक्टरांनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं, म्हणजे घाई नाही.

"तुमच्या हातातल्या कागदावर दोन नावं चुकली आहेत," मी म्हटलं.  "पहिलं, हे संगीत लिहिणाऱ्याचं." मी त्याचं नाव त्याच्या भाषेत म्हटलं, पहिल्या अक्षरावर जोर, शेवटची ई दीर्घ, आणि मग ते आडनाव. चेक बाईनं हलकेच मान हलवली. "त्याला सांगितलं गेलं होतं की नाव बदललं तर लोकांना सोपं जाईल. त्यानं नकार दिला. हे माझं नाव." मी माझं नाव म्हटलं, बाबांचं, आडनाव. "माझं गाव सांगली. तिथे कृष्णा नदी आहे. हे वाद्य माझे वडील वाजवायचे, आणि त्यांच्याकडून मी शिकले. आज मी इथे पाहुणी नाही. मी तुमच्या हॉस्पिटलात काम करते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची औषधं माझ्या हातून गेली आहेत."

शेवटचं वाक्य ठरवलेलं नव्हतं. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. मग मागून नर्सचा आवाज आला, मोठ्यानं आणि संथ, माओरीतलं स्वागत आणि दाद एकातच, "किया ओरा." दोन-चार जणांनी तिच्यामागून म्हटलं. बाकीचे गप्प राहिले. गप्प राहण्याचा त्यांना हक्क होता. मी बसले.

कसं वाजलं? चांगलं वाजलं. त्या उतरलेल्या दोन सुरांपैकी एक तिसऱ्या तुकड्यात नको तिथे आला आणि डॉक्टरांची भुवई हलली. पण चौथ्यात व्हायोलिन जे म्हणतं तेच मागून चेलो म्हणतो, जशी गाणाऱ्याची तान साथीदारानं उचलावी, तिथे माझा भाता एकदाही चुकला नाही. ज्याची तीन मुलं गेली त्यानं हे लिहिलं, हे मला वाजवतानाही आठवत होतं, आणि संगीत मात्र मान ताठ ठेवून नाचत होतं. शेवटच्या तुकड्यात पहिलीच ओळ परत येते. तेव्हा माझे पाय दुखत होते आणि मला थांबायचं नव्हतं.

चहाच्या वेळी काही लोक येऊन माझ्याशी बोलले. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, माझ्या आजीकडे असला ऑर्गन होता, तो आम्ही जाळला, चूक झाली का? मी म्हटलं, हो. एक गृहस्थ मुद्दाम जवळून गेले आणि शेजारच्याला म्हणाले की आपण संगीत ऐकायला आलो होतो, भाषण नाही. मी लेमन केक खात होते. खात राहिले.

पुढच्या वर्षी सोसायटीनं आम्हाला बोलावलं नाही, त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. डॉक्टरांना ते लागलं. तिथे ते फार वर्षं वाजवत आले होते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही माझ्यावर चिडू शकता. ते म्हणाले, "चिडलो होतो. मग वाटलं, याआधी कधी कुणाचं ऐकायला वाद्य खाली ठेवून थांबलोच नव्हतो." आम्ही वूलशेडमध्ये वाजवू लागलो, लोकरीच्या गठ्ठ्यांवर लोक बसायचे, आपापले डबे आणायचे. मराठी मंडळ यायचं, शेतकरी यायचे. मध्यंतरानंतर मी नाट्यपदं वाजवायची आणि डॉक्टर व्हायोलिनवर मागून यायचे. छापलेलं काहीच नसल्यामुळे ते फार घाबरायचे. मुलीनं नवीन शाळेत नाव घालताना पूर्ण घातलं. मी कारण विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

बऱ्याच दिवसांनी सुपरमार्केटमध्ये सेक्रेटरी भेटले. दुधाच्या फ्रीजसमोर, हातात बास्केट, शनिवार असूनही टाय. त्यांनी सवयीनं मला त्या दोन अक्षरी नावानं हाक मारली. मी वळले नाही. मग ते समोर आले आणि माझं खरं नाव घ्यायचा प्रयत्न केला. ज्ञ पाशी अडकले. पुन्हा घेतलं, पुन्हा अडकले. माझी ट्रॉली आडवी होती आणि मी ती बाजूला केली नाही.

"या वयात मला हे जमणार नाही," ते म्हणाले. बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, थकवा होता.

"जमेल," मी म्हटलं. "घाई नाही. मी याच गावात राहते."